टॉवेल सोलापूरचा, कागद दुसऱ्याचा! कॉमर्सच्या वर्गात जागतिकीकरण नेमकं काय शिकवतात?

27 ऑगस्ट 2025 पासून अमेरिकेने भारतीय मालावरचं जादा आयात शुल्क 50 टक्क्यांवर नेलं. सुती टेरी टॉवेलवर तिथे आधीपासूनच साधारण 9 टक्के शुल्क होतं. म्हणजे एकूण 59 टक्क्यांच्या घरात. त्याच महिन्यात पाकिस्तानी मालावरचं जादा शुल्क ठरलं 19 टक्के, बांगलादेश आणि व्हिएतनामच्या मालावरचं 20 टक्के. हे आकडे पुढे खाली येतील, वर जातील, त्यावर कोर्टकचेऱ्या होतील. पण टॉवेलच्या धंद्यात पाकिस्तान हा आपला सर्वांत मोठ्या स्पर्धकांपैकी एक आहे. तीस टक्क्यांचा फरक पडल्यावर अमेरिकेतला दुकानदार सोलापूरकडे कशाला बघेल?

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा, ट्रम्पचं नाव त्याला पाठ आहे. पण पुढचा प्रश्न विचारला की गाडी अडते. हे 59 टक्के भरतं कोण? बरेच जण म्हणतात, भारत भरतो. काही म्हणतात, कारखानदार भरतो. खरं म्हणजे अमेरिकेच्या बंदरावर माल सोडवून घेणारा तिथला आयातदार भरतो. मग तो मुंबईच्या निर्यातदाराला फोन करून म्हणतो, भाव कमी कर नाहीतर ऑर्डर कॅन्सल. निर्यातदार सोलापूरच्या कारखानदाराला तेच सांगतो. कारखानदार एक पाळी बंद करतो. आणि शेवटी ते शुल्क फेडतो तो रात्रपाळीचा माणूस, ज्याची मजुरी मागावरून उतरलेल्या मालावर ठरते. कायद्याने पैसे एकाने भरायचे आणि भार सोसायचा दुसऱ्याने, याला अर्थशास्त्रात करभाराचं संक्रमण म्हणतात. ते कॉमर्सच्या पुस्तकात छापलेलं आहे, परीक्षेतही येतं. फक्त त्या धड्यात सोलापूरचा टॉवेल नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे. आपल्या शहरात हजारो मुलं-मुली कॉमर्स आणि मॅनेजमेंट शिकतात. त्यांच्या पेपरात जागतिकीकरण असतं. त्यांच्या घरात, गल्लीत, बापाच्या पगारात तेच जागतिकीकरण रोज उतरतं. पण या दोन गोष्टींची गाठ कुणी घालून देत नाही.

हे शहर जगाशी आज जोडलेलं नाही

1860 साली मुंबईची रेल्वे सोलापूरपर्यंत पोहोचली. पुढच्याच वर्षी अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपल्यावर भाव कोसळलाही. 1877 च्या सुमारास मोरारजी गोकुळदास यांची गिरणी इथे उभी राहिली, तीच आपली जुनी मिल. या मोरारजींचे चिरंजीव नरोत्तम मोरारजी आणि सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी 1919 मध्ये सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी काढली. त्यांचं ‘लॉयल्टी’ हे जहाज 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून इंग्लंडला निघालं. हा दिवस देश आजही राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. इंग्रज जहाज कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला बुडवायचा प्रयत्न केला. मोठी कंपनी तोटा सोसून लहान कंपनीला कशी मारते, हे शिकायला हार्वर्डच्या केस स्टडीची गरज नाही. ती केस आपल्या गावातल्या माणसाची आहे.

आणि दुसऱ्या बाजूला कामगार. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे पत्रकार होते आणि गिरणी कामगारांत त्यांचं काम होतं. मालक, जहाज, गिरणी, कामगार, वर्तमानपत्र, सगळं या एका शहरात आहे. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोरून कॉलेजला जाणाऱ्या मुलाला मात्र जागतिकीकरण 1991 साली सुरू झालं असंच सांगितलं जातं.

1991 म्हणजे ‘खाउजा’. खाजगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण. व्याख्या, वैशिष्ट्ये, फायदे, तोटे. गाईडमधून पाठ करा, दहा मार्क पक्के. हे कुठल्या एका कॉलेजचं गाऱ्हाणं नाही, महाराष्ट्रात सगळीकडे हीच तऱ्हा आहे. आणि प्राध्यापकांवर खापर फोडणंही सोपं आहे. तासिका तत्त्वावर, तासाला काही रुपये घेऊन दोन-तीन कॉलेजं फिरणाऱ्या माणसाकडून एमआयडीसीत जाऊन केस गोळा करायची अपेक्षा कशी करायची?

एका टॉवेलचा कागद

तरीपण करून बघू. सोलापुरी टेरी टॉवेल घ्या. त्याला भौगोलिक मानांकन आहे, तसंच सोलापुरी चादरीलाही. हा टॉवेल परदेशात जायचा तर त्याला जगभर चालणारा एक नंबर लागतो, 6302.60. सुती टेरीचं स्वच्छतागृह आणि स्वयंपाकघरातलं कापड, असा त्याचा अर्थ. हा नंबर ठाऊक असला की कुठल्या देशात किती शुल्क लागतं ते मोबाइलवर पाच मिनिटांत सापडतं.

त्यातून काय कळतं? 1 जानेवारी 2005 ला कापडावरचा जागतिक कोटा संपला. आधी कुठल्या देशाने किती माल पाठवायचा याला मर्यादा होती, ती गेली. आपल्याकडे तेव्हा आता भारताचंच राज्य, असा जल्लोष झाला. पण युरोपने 2001 पासूनच बांगलादेशसारख्या अतिगरीब देशांना शून्य शुल्क दिलं होतं. 2014 पासून पाकिस्तानला ‘जीएसपी प्लस’ मिळालं, म्हणजे त्याचाही टॉवेल युरोपात बिनशुल्क. आपल्या टॉवेलवर शुल्क चालूच राहिलं. चादर-टॉवेलचा धंदा मंदावला की सोलापुरात कुणी नोटबंदीला बोल लावतं, कुणी जीएसटीला, कुणी चिनी मालाला. ही कारणं खोटी नाहीत. पण ब्रसेल्समध्ये बसून कुणी तरी ठरवलेल्या या दोन ओळींचं नाव मी मागवाल्यांच्या बैठकीत क्वचितच ऐकलं. ब्रिटनबरोबर 24 जुलै 2025 ला ज्या करारावर सह्या झाल्या, त्यात भारतीय कापडावरचं शुल्क शून्यावर आणायचं ठरलं आहे. त्याचा फायदा मिळवायचा तर माल इथलाच आहे हे दाखवणारा उगमाचा दाखला लागतो. तो कोण भरणार?

आता वाहतूक. निर्यातीचा भाव दोन प्रकारे सांगता येतो. एफओबी म्हणजे माल न्हावा शेवाला जहाजावर चढवून दिला की आपला खर्च संपला. सीआयएफ म्हणजे पलीकडच्या बंदरापर्यंतचं भाडं आणि विमा आपला. पुस्तकात दोन ओळींचा फरक आहे. 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात हुतींनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि युरोपची जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. भाडी भडकली. ज्याने आधीच सीआयएफ भाव कबूल केला होता, तो वाढीव भाडं खिशातून भरत बसला. ज्याने एफओबी लावला होता त्याची चिंता निदान तेवढी कमी. गाझाच्या बातम्या आपण रोज वाचतो, दुआ करतो. त्याच घडामोडींचा एक धागा आपल्या टॉवेलच्या बिलापर्यंत येतो हे कॉमर्सच्या मुलाला दिसायला हवं.

सर्वांत बोचणारी गोष्ट सरकारी परताव्याची. चादर, टॉवेल, कपडे निर्यात केले की राज्य आणि केंद्राचे काही कर परत मिळतात. ‘रोस्कटल’ असं त्या योजनेचं नाव आहे. हा परतावा कुणाला मिळतो? शिपिंग बिलावर ज्याचं नाव निर्यातदार म्हणून आहे त्याला. सूत सोलापुरात उकललं, माग सोलापुरात चालला, वीजबिल सोलापूरकराने भरलं, पण माल मुंबईच्या निर्यातदाराच्या नावाने गेला तर परतावा मुंबईत. लहान कारखानदार फक्त माल देतो आणि पेमेंटची वाट बघतो. यात निर्यातदार लबाड आहे असं अजिबात नाही. त्याने ग्राहक शोधला, जोखीम घेतली, कागद केला. कागद ज्याचा, नफा त्याचा, हा जगभरचा धंद्याचा नियम आहे. आणि कागद कसा करायचा हे शिकवण्यासाठीच तर बी.कॉम. असतं ना?

हीच गत डाळिंबाची. सोलापूरचं डाळिंब युरोपात जायचं तर फळावर औषधाचा अंश किती चालेल याची मर्यादा आहे, बागेची नोंदणी लागते. आपल्या बागवान मंडळींना फळाची पारख पिढ्यान्‌पिढ्या आहे, हातात घेतलं की दाणा कसा असेल ते सांगतात. पण ही पारख लिलावाच्या आवारात संपते, पुढचा पैसा दुसरा कमावतो. गंमत बघा, राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र केगावला आहे आणि सोलापूर विद्यापीठही केगावलाच. 2004 साली स्थापन झालेलं हे विद्यापीठ एकाच जिल्ह्याचं आहे. मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांना न परवडणारी मोकळीक त्यामुळे त्याला आहे. एका जिल्ह्याचा टॉवेल, गणवेश, डाळिंब आणि साखर घेऊन अख्खा अभ्यासक्रम बांधता येतो.

आपण कुठे आहोत?

सोलापूर शहरात साधारण पाचातला एक माणूस मुस्लिम आहे. माग मुख्यतः पद्मशाली तेलुगू समाजाचा, तरी आपल्यातही टॉवेलचे कारखानदार आहेत, जॉबर आहेत, मागावर उभे राहणारे आहेत, घरी विड्या वळणाऱ्या आया-बहिणी आहेत. पानगल हायस्कूल, सोशल कॉलेज अशा संस्थांनी पिढ्या शिकवल्या. पण देशपातळीवरचं चित्र बघा. 2011 च्या जनगणनेत आपण 14.2 टक्के. उच्च शिक्षणाच्या सरकारी पाहणीत 2020-21 मध्ये मुस्लिम विद्यार्थी 4.6 टक्के. त्यात मुली जवळपास निम्म्या आहेत, ही मनाला बरं वाटणारी बाब.

सरकारने काय केलं? अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या परदेशी शिक्षणाच्या कर्जावरचं व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजना 2022-23 पासून बंद. पीएच.डी. करणाऱ्यांची मौलाना आझाद फेलोशिप डिसेंबर 2022 मध्ये बंद. राज्यात ‘मार्टी’ या संस्थेला ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी मिळाली, पण बार्टी, सारथीची बरोबरी करायला तिला वेळ लागेल. एकीकडे भाषणात जागतिक गुरू व्हायचं आणि दुसरीकडे गरिबाच्या पोराला जग बघायला मदत करणारी योजना गुंडाळायची, याचा जाब विचारला पाहिजे. तो विचारायचा म्हणून हातावर हात ठेवून बसायचं, हे मात्र मला पटत नाही.

कर्जाचा प्रश्न आपल्याकडे आणखी नाजूक आहे. व्याज नको म्हणून अनेक अब्बा मुलीला एमबीएला पाठवत नाहीत. रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी वित्तव्यवस्थेची शिफारस केली होती. पण बँकांत इस्लामिक खिडकी उघडायचा विचार रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये सोडून दिला. जग मात्र थांबलं नाही. मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेने 2005 मध्ये क्वालालंपूरला या विषयाची खास उच्च शिक्षण संस्था काढली. ब्रिटन सरकारने 2014 मध्ये 20 कोटी पौंडांचे सुकूक विकले. ते पुण्यासाठी नव्हे, लंडन ही या पैशाची बाजारपेठ राहावी म्हणून. आखाती व्यापाऱ्याशी त्याच्या रिवाजात करार करू शकणारा, थोडी अरबी येणारा, उर्दू-मराठी-इंग्रजी बोलणारा, टॉवेल ओळखणारा मुलगा सोलापुरात सापडतो. आपण त्याला सौदीत ड्रायव्हर म्हणून पाठवतो. ड्रायव्हरची कमाई हलाल आहे, मेहनतीची आहे, त्याला नावं ठेवायची नाहीत. पण त्याच जेद्दाहच्या हॉटेलात लागणारा टॉवेल कुणी तरी विकतोच आहे.

भाषेबद्दलही एक सांगतो. उर्दू माध्यमातून आलेला मुलगा एफवायला इंग्रजी पुस्तक बघून घाबरतो, मग गाईड, मग एटीकेटी. त्याला आपण कच्चा समजतो. घरी दखनी, मागावर तेलुगू, बाजारात मराठी, विजापूरकडच्या गिऱ्हाईकाशी कानडी बोलणारा हा मुलगा कच्चा कसा? जर्मनीच्या व्यवसाय शाळांत अशा मुलांना डोक्यावर घेतील.

आग आणि सर्टिफिकेट

18 मे 2025 ची पहाट कुणी विसरलेलं नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ जण गेले. कारखान्याचे मालक, त्यांचं कुटुंब आणि तिथेच राहणारं कामगाराचं कुटुंब. लहान बाळसुद्धा. अल्लाह मरहूमांची मगफिरत करो. मालक आणि कामगार एकाच छताखाली राहत होते, एकाच आगीत गेले. त्या दिवशी आपण जनाज्याला गेलो, अग्निशमनच्या गाड्यांवर आणि प्रशासनावर बोललो. तो राग रास्त होता. पण जागतिक व्यापार शिकणाऱ्या मुलासाठी इथे एक अवघड धडा आहे.

11 सप्टेंबर 2012 ला कराचीच्या बलदिया टाउनमध्ये कपड्याचा कारखाना जळाला, 250 हून अधिक कामगार गेले. त्या कारखान्याला काही आठवड्यांपूर्वीच कामगार सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट मिळालेलं होतं. 24 एप्रिल 2013 ला ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळला, 1,134 जीव गेले. त्यानंतर युरोपच्या मोठ्या ब्रँडना कामगार संघटनांबरोबर कायद्याने बांधणारा ‘अकॉर्ड’ करार करावा लागला. बांगलादेशात कारखान्यांची तपासणी झाली, दारं रुंद झाली, जिने झाले. 2023 मध्ये तो पाकिस्तानातही लागू झाला. म्हणजे परदेशी खरेदीदार दाब टाकतो तेव्हा दार रुंद होतं, आणि तोच खरेदीदार डोळे मिटून सर्टिफिकेट विकतही घेतो. दोन्ही खरं आहे. कागद कसा करायचा याइतकंच कागदावर कधी विश्वास ठेवायचा नाही हेही कॉमर्सच्या मुलाला कळलं पाहिजे. ज्या कारखान्यात कुटुंब राहतं, तिथे बाहेर पडायला दुसरा रस्ता आहे का, हा प्रश्न ऑडिटरच्या आधी त्याने विचारायला काय हरकत आहे? वर राहणारे त्याचेच नातेवाईक असतात.

मग करायचं काय?

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आणि इंटर्नशिप आली आहे, क्रेडिटसकट. अनुभव असा की बरीच मुलं ओळखीच्या दुकानातून शिक्का मारलेलं पत्र आणतात आणि विषय संपवतात. या तासांत त्यांना टॉवेलच्या कारखान्यात, गणवेशाच्या गाळ्यात, फळाच्या अडतीवर बसवलं तर? कॉलेजच्या प्राचार्यांनी आणि यंत्रमागधारकांच्या संघटनेने एका टेबलावर बसायची तेवढी गरज आहे, सरकारची वाट बघायची नाही. सुरुवात लहान कामापासून होऊ शकते.

उदाहरणार्थ आयईसी, म्हणजे आयात-निर्यातीचा परवाना नंबर. तो आता पॅनवरच मिळतो, घरबसल्या, सरकारी शुल्क 500 रुपये. पण दर वर्षी एप्रिल ते जून या काळात तो ऑनलाइन अद्ययावत करावा लागतो, काही बदल नसला तरी. नाही केला तर नंबर बंद पडतो. हौसेने काढलेला आणि मग विसरलेला असा नंबर आपल्या ओळखीच्या एखाद्या कारखानदाराच्या फायलीत नक्की असेल. एसवायच्या मुलीला हे काम करायला अर्धा तास लागतो. बेगम पेठ, विजापूर वेस, नई जिंदगी, शास्त्रीनगर, एका मुलीने उन्हाळ्याच्या सुट्टीत दहा जणांचं केलं तर तिला दहा धंद्यांची आतली कागदपत्रं बघायला मिळतात, आणि त्या दहा जणांना कळतं की पुढच्या शिपिंग बिलावर आपलं स्वतःचं नाव घालायला काय काय लागतं.